ग्रामपंचायत राहायचं, नगरपंचायत मागायची की हद्दवाढीत जायचं?

साताऱ्याच्या, कराडच्या किंवा सांगली-मिरजेच्या वेशीला लागलेल्या गावांत ग्रामसभेत हा विषय आज ना उद्या येतोच. शिवारात प्लॉट पडलेले असतात, भाडेकरू वाढलेले असतात, आणि कोणीतरी उठून विचारतो की आता आपण गाव म्हणायचं की शहर? मग चर्चा घरपट्टीवर सुरू होते आणि घरपट्टीवरच संपते. शहरात गेलो तर पट्टी किती वाढेल, एवढ्यावर ठराव होतो किंवा बारगळतो.

मला वाटतं, हा निर्णय घरपट्टीवर घेऊ नये, सांडपाण्यावर घ्यावा. पाणी, रस्ता, दिवाबत्ती ही कामं धडपडी ग्रामपंचायत करून दाखवते, आणि अशा ग्रामपंचायती सातारा-सांगली दोन्ही जिल्ह्यांत आहेत. पण गटाराचं पाणी शेवटी कुठं सोडायचं, हा प्रश्न गावाच्या हद्दीत सुटत नाही. गावांच्या नळपाण्यासाठी असलेल्या जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज 55 लिटर पाणी धरलं आहे. भुयारी गटार असलेल्या शहरासाठी हेच माप 135 लिटर आहे. वापरलेल्या पाण्यातलं साधारण 80 टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं, असा अभियंत्यांचा हिशेब असतो. जुन्या गावठाणात ते परसातल्या आळ्यात, शोषखड्ड्यात किंवा शेतात जिरायचं. गुंठ्या-गुंठ्याने विकलेल्या काळ्या रानात ते जिरत नाही. सांगलीत शामरावनगरात पावसाळ्यात जी दलदल होते, तिचं मूळ तिथंच आहे. म्हणून आपल्या गावात घरं पुढं गेली आहेत की अजून शेती पुढं आहे, हे आधी डोळे उघडे ठेवून बघावं.

ग्रामपंचायत

हिचा मोठा गुण म्हणजे माणूस हाताशी सापडतो. 7 ते 17 सदस्य, सरपंच गल्लीतला, आणि वर्षातून किमान चार ग्रामसभा. तिथं सामान्य माणूस हिशेब मागू शकतो. नगरपंचायतीत किंवा पालिकेत ग्रामसभा नसते, आणि हे नुकसान लोकांना मागाहून कळतं. घरकुलाच्या यादीवर भर सभेत भांडण करून नाव घालून घेणं शहरात होत नाही.

शेतकऱ्याचं हितही इथं जास्त आहे. रोजगार हमीतून विहीर, गोठा, शेतरस्ता होतो. केंद्राचा हा पैसा ग्रामीण भागासाठीच असतो. (या योजनेचं बीज आपल्याच मातीतलं आहे. 1965 मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापुरात वि. स. पागे यांनी हा प्रयोग केला आणि पुढं त्याचा राज्याचा कायदा झाला. सांगली जिल्ह्यातल्या गावानं ही गोष्ट सोडताना दहादा विचार करावा.) जिल्हा परिषद आणि पंचायत समितीतलं प्रतिनिधित्वही ग्रामपंचायत आहे तोवरच.

अडचण पैशाची आहे. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला होता, गावाच्या मर्जीचा फक्त 40 टक्के. त्यात सांडपाणी प्रकल्प बसत नाही आणि तो चालवायला अभियंता मिळत नाही. एका ग्रामपंचायत अधिकाऱ्यानं उतारे द्यायचे, वसुली करायची, बैठका करायच्या आणि वर पाच हजार घरांचा कचराही बघायचा, ही अपेक्षाच चुकीची आहे.

नगरपंचायत

साधारण 10 ते 25 हजार लोकसंख्या आणि शेतीबाहेरचा रोजगार वाढलेला, अशा गावासाठी कायद्यात ही मधली पायरी आहे. मेढा, पाटण, दहिवडी, वडूज, कवठेमहांकाळ, शिराळा या तालुक्याच्या ठिकाणी ती आली. 17 नगरसेवक, राज्य सेवेतला मुख्याधिकारी, स्वतंत्र विकास आराखडा. पाणी आणि गटारासाठीच्या अमृत 2.0 सारख्या शहरी योजनांचं दार उघडतं. घरकुलाचं मूळ अनुदान ग्रामीण योजनेत सपाट भागासाठी 1 लाख 20 हजार आहे, शहरी योजनेत स्वतःच्या जागेवर बांधणाऱ्याला केंद्र-राज्य मिळून 2 लाख 50 हजार.

कराडला खेटून असलेल्या मलकापूरचं उदाहरण मला सगळ्यात मोलाचं वाटतं. ते कराडमध्ये विलीन झालं नाही. 2008 मध्ये नगरपंचायत झाली, आणि मीटर बसवून चोवीस तास पाणी देणारं छोटं शहर म्हणून त्याचं नाव देशभर गेलं. मीटर आल्यामुळे ज्यानं जास्त वापरलं त्यानं जास्त भरलं, नळ उघडा टाकायची सवय गेली, आणि ग्रामपंचायतीच्या काळातच कामाला लागलेल्या गावकारभाऱ्यांना नवे अधिकार मिळाले. नगरपंचायत झाल्यामुळे मलकापूर सुधारलं असं मी म्हणणार नाही. आधी कारभार सुधारला, मग नव्या दर्जाचा उपयोग झाला. ज्या गावात ग्रामपंचायतीची पाणीपट्टीच वसूल होत नाही, तिथं पाटी बदलून पाणी येणार नाही.

एक धोका मात्र खरा आहे. नगरपंचायत झाली की कर्मचारी, कार्यालय, वाहनं, घंटागाड्या सगळ्यांचा खर्च येतो. बाजारपेठ लहान असेल तर घरपट्टीतून तो निघत नाही आणि प्रत्येक कामासाठी मुंबईकडे बघायची वेळ येते.

हद्दवाढ

सातारा नगरपालिका 1853 ची. तिची हद्द वाढायला कितीतरी वर्षं गेली आणि 2020 मध्ये शाहूपुरी, विलासपूरसारखा भाग आत आला. या भागाचं रोजचं जगणं कधीचंच साताऱ्यात होतं. शाळा, दवाखाना, बाजार, नोकरी सगळं तिथंच. त्यामुळे विलीनीकरण तर्काला धरून होतं. पण 2020 ला ग्रामपंचायत गेली आणि पालिकेची पुढची सार्वत्रिक निवडणूक झाली ती 2025 च्या डिसेंबरात. मधली जवळजवळ चार वर्षं तर पालिकेवर प्रशासकच होता. या काळात गल्लीतली तक्रार घेऊन जायला सरपंचही नाही आणि नगरसेवकही नाही. हद्दवाढीच्या बाजूनं बोलणाऱ्यांनी ही पोकळी लोकांपासून लपवू नये.

सांगलीचा धडा याहून कडक आहे. 1998 मध्ये सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून महापालिका झाली. कुपवाडला औद्योगिक वसाहत, म्हणजे करही मोठा. तरीही भुयारी गटारासाठी तिथल्या लोकांना वीस वर्षांहून जास्त वाट बघावी लागली. शामरावनगरही महापालिकेतच आहे. मोठ्या शहराची ताकद मोठी हे खरं, पण तिथं आपली पाळी केव्हा येणार हे आपल्या हातात नसतं.

जमीन आणि पट्टी

घरपट्टीबद्दल थोडक्यात. ग्रामपंचायतीत ती भांडवली मूल्यावर ठरते, पालिकेत सहसा वार्षिक भाडेमूल्यावर, आणि दर चार वर्षांनी फेरआकारणी होते. वाढ होतेच. भाड्यानं दिलेल्या खोल्या आणि दुकानगाळे असलेल्यांना ती जास्त लागते.

खरी धास्ती विकास आराखड्याची असते, आणि ती रास्त आहे. रानावर बगीचा, शाळा किंवा रस्त्याचं आरक्षण पडलं की जमिनीला गिऱ्हाईक सहज मिळत नाही, बांधता येत नाही. 1966 च्या नगररचना कायद्यानुसार दहा वर्षांत जागा घेतली नाही तर मालकाला नोटीस देता येते, आणि त्यानंतर 24 महिन्यांत पालिकेनं पावलं उचलली नाहीत तर आरक्षण रद्द होतं. म्हणजे शेतकऱ्याची बारा वर्षं अडकली. दुसऱ्या बाजूला, आराखडाच नसल्यामुळे नऊ फुटी बोळ ठेवून पाडलेले प्लॉट आपण बघतोच आहोत. तिथं अग्निशामक गाडी शिरत नाही. माझ्या मते आराखडा हवाच, पण त्याचं प्रारूप, म्हणजे कच्चा आराखडा, प्रसिद्ध होईल तेव्हा आपला गट नंबर स्वतः जाऊन बघायचा आणि मुदतीत हरकत द्यायची.

शहर झालं की कारखाने येतील, ही आशा तेवढी बाजूला ठेवावी. शिरवळला उद्योग आले तेव्हा तिथं ग्रामपंचायतच होती. महामार्ग, पाणी आणि पुण्याचं जवळपण यांनी ते आणले. किर्लोस्करवाडी 1910 मध्ये उभी राहिली ती औंध संस्थानच्या माळावर. रोजगारासाठी रस्ता, वीज आणि जागा लागते. कार्यालयाच्या पाटीचा त्याच्याशी संबंध थोडाच.

मग करायचं काय?

लोकसंख्या दहा हजारांच्या आत आणि निम्म्याहून जास्त घरं शेतीवर असतील तर ग्रामपंचायत सोडू नका. वसुली वाढवा, मीटर बसवा, शोषखड्डे करा.

लोकसंख्या दहा हजारांच्या वर असेल, स्वतःची बाजारपेठ असेल आणि सांडपाण्याचा उतार आपल्याच ओढ्याकडे असेल, तर नगरपंचायत मागा. माझा कौल बहुतेक गावांसाठी इकडेच आहे.

गटाराचा उतार शेजारच्या शहराकडे असेल, पाणीही त्याच शहराच्या योजनेचं असेल आणि शेती नावालाच उरली असेल, तर हद्दवाढ टाळून उपयोग नाही. पण ठरावाआधी पालिकेकडून तीन गोष्टी लेखी घ्या: भुयारी गटाराच्या आराखड्यात आपला भाग आहे का, पट्टी कोणत्या टप्प्यांनी वाढणार, आणि ग्रामपंचायतीचे कर्मचारी कुठं सामावले जाणार. शासनाची प्रारूप अधिसूचना निघाल्यावर हरकतींसाठी किमान 30 दिवस मिळतात. ती नोटीस ग्रामपंचायतीच्या फलकावर लागते तेव्हा चौकातल्या, वाडीवस्तीवरच्या आणि भाड्यानं राहणाऱ्या लोकांपर्यंतही पोचवा, कारण गटार त्यांच्याही दारातून वाहतं.