तळातून ओतणारी शिशाची भट्टी: पागाच्या गोळ्या आणि न थांबणारा थेंब

विजेवर चालणारी, तळाला तोटी असलेली ही भट्टी मी गेल्या गणपतीनंतर घेतली. तिची क्षमता, वॅट, वॉरंटी वगैरे तपशील विक्रीच्या पानावर सर्वांनी वाचलेले असतील, म्हणून ते येथे देत नाही. तोटी बंद केली तरी ठिबकते, ही माझी दुसरी तक्रार विक्रेत्याने "ठिबकणे ही सामान्य बाब आहे" एवढ्याच शेऱ्यावर बंद केली, आणि त्यानंतरच हे लिहायला बसलो. सामान्य बाब असेल तर ती पानावर छापायला काय हरकत होती?

मुळात ही भांडी परदेशात पिस्तुलाच्या गोळ्या घरी ओतून स्वतःची काडतुसे भरणाऱ्या हौशी नेमबाजांसाठी निघाली. आपल्याकडे शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवान्याशिवाय काडतुसे बनवणे हा गुन्हा आहे, त्यामुळे तो विषय आपल्यापुरता तेथेच संपतो. माझा संबंध पागाच्या, म्हणजे काठाला शिशाच्या गोळ्या लावलेल्या, हाताने फेकायच्या गोल जाळ्याच्या शिशाशी आणि गरवायच्या, म्हणजे गळाने मासे धरायच्या वजनांशी. रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या खाडीत पाग मारणाऱ्या माणसाचे शिसे खडकात, कालवांच्या शिंपल्यांत आणि बुडालेल्या फांद्यांत सतत तुटून जाते. बाजारातल्या तयार गोळ्यांना मोजाव्या लागणाऱ्या पैशांचा हिशेब केला, तेव्हा भट्टीची किंमत दोन हंगामांत फिटेल असे दिसले. तो हिशेब आजही चुकलेला नाही, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे तक्रारीच जास्त आहेत.

या भट्टीचा खरा फायदा ओतणे सोपे होण्यात नाही. तो रस कुठून निघतो यात आहे. कढईत शिसे वितळवले की कीट, म्हणजे धातूचा मळ, वर तरंगते आणि पळी त्यातूनच बुडवावी लागते. कितीही बाजूला सारले तरी थोडी राख गोळीत जातेच. येथे रस तळातून येतो, म्हणजे स्वच्छ येतो. पळीने ओतलेल्या माझ्या जुन्या गोळ्या सोनाराच्या छोट्या काट्यावर तोलल्या, तर दहा ग्रॅमच्या गोळीत दीड-दोन ग्रॅमचा फरक सहज निघत असे. भट्टीच्या गोळ्यांत तो फरक अर्ध्या ग्रॅमच्याही आत आला. काठावरचे वजन सगळीकडे सारखे असले की पाग पाण्यावर गोल उघडून पडतो, एका अंगाने दुमडत नाही. शिसे बदलल्यावर बोयर माशांच्या थव्यावर पाग पडताना पाहिला आणि पैसे वसूल झाल्यासारखे वाटले. पहिल्या महिन्यात कोणी विचारले असते, तर मी या भट्टीला पैकीच्या पैकी गुण दिले असते.

मग थेंब सुरू झाला. तोटीच्या आत लोखंडी दांडीचे निमुळते टोक बसते. दांडी उचलली की रस वाहतो, सोडली की बंद व्हायला हवा. बंद झाल्यावरही तोटीच्या तोंडाशी एक चकचकीत मणी जमतो, फुगतो, क्षणभर लोंबतो आणि साच्याच्या तोंडावरच्या सरकत्या पट्टीवर पडून बत्ताशासारखा चपटा होतो. मग पट्टी सरकत नाही, साचा उघडायला वेळ लागतो, तोवर साचा थंड होतो आणि पुढची गोळी सुरकुतलेली निघते. थेंब एकच, पण सबंध ओतकामाची लय तो मोडतो. भांडे काठोकाठ भरलेले असले की ठिबकणे जास्त, अर्धे रिकामे झाले की कमी, आणि याचे कारण सरळ आहे: आठ सेंटीमीटर उंचीचा शिशाचा रस तोटीवर जवळजवळ ८५ सेंटीमीटर पाण्याइतका दाब देतो. एवढा दाब धरायला दांडीचे टोक आणि तोटीची बैठक एकमेकांवर तंतोतंत बसायला हवीत, आणि ती बसवून पाठवण्याचे कष्ट कारखान्यात कोणी घेतलेले नाहीत.

शेजारचे तात्या गेली कित्येक वर्षे लोखंडी पळीनेच शिसे ओततात. त्यांनी माझी धडपड ओट्यावरून पाहिली आणि एवढेच विचारले, "आमची पळी कधी गळली का रे?" याला माझ्याकडे उत्तर नव्हते, म्हणून मी विक्रेत्याला फोन लावला. तेथल्या मुलाने आधी दांडी स्क्रू-ड्रायव्हरने फिरवायला सांगितले, मग शिसे अशुद्ध असेल असे सांगितले, आणि शेवटी हा व्यावसायिक वापर आहे का, असे विचारले. घरच्या एका पागासाठी गोळ्या ओतणे व्यावसायिक वापरात बसत असेल, तर घरचा मिक्सरही हॉटेलचाच म्हणावा लागेल.

इलाज अखेर दुचाकीच्या गॅरेजमध्ये मिळाला. इंजिनाचे व्हॉल्व्ह घासायला जी पेस्ट वापरतात ती बोटभर आणली, भट्टी पूर्ण रिकामी आणि थंड केली, दांडीच्या टोकाला पेस्ट लावून बैठकीवर हाताने उलटसुलट फिरवत राहिलो. टोकाभोवती करड्या रंगाचे अखंड कडे दिसू लागले की थांबायचे, आणि पेस्टचा कणही राहणार नाही असे रॉकेलने पुसून, पूर्ण वाळवून मगच पुन्हा तापवायचे. दांडीच्या वरच्या टोकाला एक जाड नट अडकवून वजनही वाढवले. त्यानंतर काही दिवस एक थेंब पडला नाही, आणि सगळा दोष बनवणाऱ्याचाच आहे असे माझे मत पक्के झाले.

ते मत नंतर निम्मे बदलावे लागले. टायरच्या दुकानातून आणलेली व्हील बॅलन्सिंगची, म्हणजे चाकाचा तोल साधायला रिमला लावायची वजने थेट भांड्यात टाकली की ठिबकणे परत येई. आधी कढईत वितळवून, कीट काढून, लाद्या पाडून टाकली की येत नसे. त्या वजनांवरचा रस्त्याचा चिखल, गंज आणि क्लिपांची कुसळे शिशापेक्षा हलकी असली, तरी भांड्याला आणि दांडीला चिकटून खाली ओढली जातात आणि दांडी व बैठक यांच्यामध्ये अडकतात, आणि केसाएवढी फटही या दाबाला पुरते. म्हणजे विक्रेत्याचा मुलगा अगदीच खोटे बोलत नव्हता. तरीही बैठक न घासता पाठवलेली भट्टी स्वच्छ शिशावरही गळते, हे मी भंगारवाल्याकडून आणलेल्या केबलच्या मऊ आवरणाच्या शिशावर पाहिलेले आहे. त्यामुळे निम्मा दोष मी त्यांच्याच खात्यावर ठेवतो.

भंगार शिशाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण या कामातली निम्मी अक्कल तेथेच लागते. आजकाल बॅलन्सिंगच्या वजनांत जस्त आणि लोखंड बरेच येते. पकडीने चावून पाहावे: शिशात दात रुततात, जस्तावरून घसरतात. शिसे ३२७ अंशांना वितळते आणि जस्त ४२० च्या आसपास, म्हणून तापमान ३६० ते ३८० मध्ये ठेवले तर चुकून आलेले जस्त वर तरंगते आणि झाऱ्याने काढता येते. एकदा वितळून मिसळले की सगळा रस चिकट होतो आणि साचा नीट भरत नाही. भट्टीच्या बटणावर आकडे आहेत, पण ते अंश नव्हेत, त्यामुळे वेगळा थर्मामीटर घ्यावाच लागतो. संध्याकाळी आमच्याकडे व्होल्टेज २३० वरून १९० पर्यंत उतरते, तेव्हा भट्टीची शक्ती जवळजवळ दोन-तृतीयांश उरते आणि वीस-पंचवीस मिनिटांचे काम लांबत जाते. सकाळी ओतावे.

बॅलन्सिंगच्या वजनांत अँटिमनी हा धातू थोडा असतो, त्यामुळे ते शिसे कडक येते. पिस्तुलाच्या गोळीला कडकपणा हवा असतो, म्हणून त्या लोकांना हेच भंगार सोन्यासारखे वाटते. पागाला मात्र दोन प्रकारचे शिसे लागते. दोरीवर दुमडून चिमटायची पट्टी मऊच हवी, कडक असली तर दुमडताना तडकते. भोकाची नळीसारखी गोळी खडकावर घासली जाते, तिला कडकपणा उपयोगी पडतो. मी दोन्ही लाद्या वेगळ्या ठेवतो आणि त्यांच्यावर खिळ्याने खूण करतो. गाडीच्या बॅटरीतले शिसे मात्र कितीही स्वस्त मिळो, घेऊ नये. त्यात आम्ल असते आणि काही प्लेटांतून आर्सेनिक व अँटिमनीचे विषारी वायू निघू शकतात. जुनी बॅटरी नवी घेताना दुकानात परत द्यावी.

पावसाळ्याचा अनुभव वेगळा सांगायला हवा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, आणि जाळी-पाग दुरुस्त करण्याचा तोच काळ. नेमक्या त्याच काळात हवेत पाणी असते. वितळलेल्या शिशात ओलसर तुकडा बुडाला, तर पाण्याची क्षणात वाफ होऊन आकारमान सुमारे सतराशे पटींनी वाढते आणि रस अंगावर उडतो. सगळ्यांत धोक्याच्या जुन्या पागाच्या गोळ्या. त्यांच्या भोकात खारे पाणी, दोरीचे तंतू आणि शिंपल्यांचे थर बसलेले असतात, वरून त्या कोरड्या दिसतात. मी त्या फोडून, उन्हात वाळवून, मग थंड भट्टीत तळाशी ठेवून तापवतो. तापलेल्या रसात कधीच टाकत नाही. नवीन लादीही आधी भांड्याच्या काठावर गरम करून घेतो. डोळ्यांना चष्मा, पायांत बूट, अंगात पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, एवढे असल्याशिवाय बटण दाबू नये.

खाऱ्या हवेने जुलैत थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान राखणारा भाग, बंद पाडला. वॉरंटीत तो बसत होता, पण भट्टी स्वखर्चाने परत पाठवायची होती आणि कुरिअरचे पैसे भट्टीच्या किमतीच्या पाव भागाएवढे झाले असते. बाजारातल्या इस्त्री दुरुस्त करणाऱ्याने झाकण उघडून काळे पडलेले संपर्क बिंदू पॉलिशपेपरने घासून दिले, दोन चहांच्या पैशांत. तेव्हापासून भट्टी वापरून झाली की प्लॅस्टिकच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर बांधून ठेवतो.

आरोग्याबाबत विक्रीच्या पानावर एकच ओळ आहे, ती अपुरी आहे. ३८० अंशांवर शिशाची वाफ फारशी निघत नाही. खरा धोका करड्या-पिवळ्या किटाच्या पुडीचा, ती बोटांवरून तोंडात जाते. रक्तात शिशाची सुरक्षित अशी पातळी नाही, आणि लहान मुलांना त्याचा त्रास सर्वांत जास्त. म्हणून भट्टी अंगणाच्या टोकाला, वाऱ्याकडे पाठ करून. कढई आणि झारा पुन्हा स्वयंपाकघरात न नेता. हात साबणाने धुतल्याशिवाय तंबाखू, चहा, काही नाही. घरात लहान मुले असतील, तर कामाचे कपडे वेगळे धुवावेत. किटाची राख पत्र्याच्या डब्यात साठवून भंगारवाल्याला द्यावी, आंब्याच्या बुंध्याशी टाकू नये. ब्रिटनमध्ये हंसांना झालेल्या विषबाधेमुळे १९८७ साली गळाच्या बहुतेक लहान शिशाच्या वजनांवर बंदी आली. आपल्याकडे तशी बंदी नसली, तरी खडकाळ जागी गरवताना मी आता शिशाऐवजी लोखंडी नट बांधतो, कारण तेथे वजन तुटणार हे ठरलेलेच असते. स्वस्तही पडते.

ज्यांना वर्षाला चार-पाच किलोच शिसे ओतायचे आहे, त्यांनी तात्यांची पळी घ्यावी. ज्यांना स्वतःबरोबर दोन-चार शेजाऱ्यांचेही पाग भरायचे आहेत, त्यांना भट्टी परवडेल. मात्र बैठक घासण्याची एक दुपार तिच्या किमतीतच धरून चालावे. घेण्याआधी सुटी दांडी आणि तोटी मिळते का, हे विक्रेत्याला लेखी विचारावे. मला फोनवर मिळेल असे सांगितले होते, आणि आली ती दुसऱ्याच मापाची.