पारदर्शक इलेक्ट्रोड: आयटीओ की ग्राफीन?

लवचीक टचस्क्रीनवर काम करणारा एक मित्र अडलाय: आयटीओवरच (इंडियम-टिन ऑक्साइड, वीज वाहणारा पारदर्शक थर) राहू की ग्राफीनकडे (कार्बनचा एका अणूइतका पातळ थर) वळू?

रोध कमी ठेवण्यात आयटीओ पुढे. काचेवर पृष्ठरोध (थराच्या चौरस तुकड्याचा विद्युतरोध) चौरसामागे साधारण 10 ओहम, पारदर्शकता 90 टक्क्यांच्या आसपास. ग्राफीनचा एक थर जेमतेम 2.3 टक्के प्रकाश शोषतो, पण डोपिंगशिवाय (वाहकता वाढवायला दुसरं रसायन लावणं) त्याचा रोध शेकडो ओहम. 2010 मध्ये दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी 30 इंची फिल्म काढली. चार थर आणि डोपिंगनंतर रोध 30 ओहमवर आला. डोपिंग काळानुसार उतरतं, हे जाहिरातीत नसतं.

खरी मेख उत्पादनात आहे. तांब्याच्या फॉइलवर, सुमारे 1000 अंश सेल्सियसला, मिथेनपासून ग्राफीनचा थर वाढवणं जमतं. तो न फाटता, सुरकुती न पडता प्लास्टिकवर उतरवणं अवघड. शिवाय थर सोडवायला तांबं विरघळवलं तर खर्च वाढतोच. आयटीओ स्पटरिंगने (निर्वातात अणू उडवून थर बसवण्याची पद्धत) थेट बसतो. इंडियम मात्र मुख्यतः जस्ताचं जोडउत्पादन, मागणी वाढली म्हणून पुरवठा वाढत नाही.

वाकवण्यात आयटीओ हरतो, 2-3 टक्के ताणाला तडकतो.

सपाट काच, मोठा पडदा, सौरघट: आयटीओ. सतत वाकणारा, छोटा, शेकडो ओहम चालणारा सेन्सर: ग्राफीन. मित्राचा पडदा दुमडणारा नसून नुसता वक्र असेल, तर आयटीओच पुरेल.