नागपूरच्या धरमपेठेतलं मुलांचं समुपदेशन केंद्र: आमच्या सहा भेटी

शंकरनगर चौक मेट्रो स्टेशनवरून चालत सात-आठ मिनिटं, दुसरा मजला. नाव लिहीत नाही. तिथं येणारी मुलं कुणाच्या ना कुणाच्या ओळखीची असतात.

माझ्या बायकोला नऊ वर्षांपासून बायपोलर आहे, म्हणजे मन कधी अती उसळतं, कधी पार खचतं असा मानसिक आजार. तिला विचारूनच हे लिहितो आहे. औषधं सुरू आहेत, ती शिवणकाम करते, बरेच महिने छान जातात. नेलं होतं ते मुलीला. ती अकरा वर्षांची आहे.

आमच्याकडे येणारा प्रत्येक जण म्हणायचा, "पोरगी किती समजदार आहे जी तुमची." मलाही अभिमान वाटायचा. आईचा चेहरा पाहून ही टीव्हीचा आवाज कमी करायची, धाकट्याला बाहेर न्यायची. झोप कमी होणं ही आजार उसळायची पहिली खूण असते, हे तिनं कुठून तरी ऐकलं आणि रात्री दोनदा उठून आई झोपली का ते पाहायला लागली. बायकोला या आजारावरचं लिथियम नावाचं औषध सुरू आहे. शरीरातलं पाणी कमी झालं की रक्तात त्याचं प्रमाण वाढतं, म्हणून उन्हाळ्यात जपा, असं डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. ही बाजूला बसलेली होती. मग मे महिन्यात, आपल्याकडच्या त्या पंचेचाळीस डिग्रीत, दर तासाला आईपुढे पाण्याचा ग्लास. रामटेक-खिंडसीच्या सहलीची चिठ्ठी तिनं दप्तरातच ठेवली, आम्हाला दाखवलीच नाही. तेव्हा माझे डोळे उघडले.

पहिल्या भेटीत समुपदेशक मॅडमनी आईबद्दल एक शब्द विचारला नाही. मातीचे गोळे दिले, बोलत बसल्या. दुसऱ्या भेटीत सहज विचारलं, "आज तुला कसं वाटतंय?" ही म्हणाली, "आई आज बरी आहे."

मॅडमनी मला आत बोलावून तेवढं एकच सांगितलं. दुसऱ्याचं मन तिला लगेच कळतं, स्वतःचं विचारलं तर उत्तर आईचं येतं. मी त्या खुर्चीत रडलो.

पुढे त्यांनी तिला आजार नावानिशी समजावला. तुझ्यामुळे झाला नाही, तुझ्या पहाऱ्यानं थांबणारही नाही. गोळ्यांचं डॉक्टर बघतील, पाण्याचं बाबा बघतील. मलाही होणार का, असं तिनं विचारलं, तेव्हाही थाप मारली नाही: इतरांपेक्षा शक्यता थोडी जास्त असते, पण आजारी आईबाबांच्या बहुतेक मुलांना हा आजार होत नाही. आईची तब्येत बिघडली तर कुणाला फोन करायचा, मामी किंवा शेजारच्या काकू, याचा कागद आता फ्रिजवर आहे. मला विचाराल तर सगळ्या फीचं मोल त्या कागदात आहे.

तक्रारीही आहेत. पंचेचाळीस मिनिटांचे आठशे रुपये आमच्यासारख्यांना जड जातात. संध्याकाळची वेळ नाही, मला दर वेळी बुटीबोरीतून अर्धी सुट्टी टाकावी लागते. मोठ्यांची आणि मुलांची बसायची जागा एकच. एका माणसाचं फोनवरचं बोलणं मुलीनं सगळं ऐकलं, परत येताना गप्प होती. हे त्यांना सांगितलं आहे, अजून काही बदललं नाही.

फी झेपत नसेल तर सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला 14416 वर फोन करा. 2022 च्या ऑक्टोबरपासून सुरू आहे. फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. समोर बसून मातीचा गोळा देणारं माणूस मात्र फोनवर मिळत नाही, म्हणून आम्ही केंद्राचे पैसे उभे करतोच.

मागच्या आठवड्यात वेणीवरून मुलगी आईशी कडाडून भांडली. पाय आपटत गच्चीवर गेली. बायको मला म्हणाली, "पाहून राहिले ना? पहिल्यांदाच भांडली माझ्याशी." तिचे डोळे भरून आले होते.

सातवी भेट धाकट्याची ठरवली आहे. सहा वर्षांचा आहे. परवा डबा भरताना त्यानं विचारलं, "मी मस्ती केली म्हणून आई दवाखान्यात गेली होती का?" मी डबा खाली ठेवला, त्याला ओट्यावर बसवलं आणि म्हटलं, "नाही रे राजा. तुझ्यामुळे नाही."