सर्चमधली सगळ्यात वरची लिंक जाहिरात होती आणि तिथूनच माझा ईमेल गेला

सगळं सविस्तर लिहितेय, घरात जो कोणी कॉम्प्युटर वापरतो त्याला वाचायला द्या.

मला स्क्रीन रेकॉर्ड करायचं एक सॉफ्टवेअर हवं होतं, फुकट मिळणारं आणि चांगलं नावाजलेलं. सर्चमध्ये नाव टाकलं तर सगळ्यात वर तेच नाव, तोच लोगो, आणि बाजूला बारीक अक्षरात स्पॉन्सर्ड. उघडलेली साईट हुबेहूब खरी वाटत होती, फक्त पत्त्यात एक अक्षर जास्त होतं हे नंतर कळलं. डाउनलोड झाली ती झिप फाईल, तिला पासवर्ड, आणि तो पासवर्ड पानावरच लिहिलेला. हे मुद्दाम करतात कारण कुलूप लावलेली झिप अँटिव्हायरसला आत शिरून तपासता येत नाही. पुढे इन्स्टॉल केलं तर प्रोग्रॅम चक्क चालू झाला, रेकॉर्डिंगपण झालं, मग शंका येणार कुठून?

रात्री ईमेल उघडेना. रिकव्हरीचा नंबर बदललेला. ओटीपी लावलेला होता तरी एकही ओटीपी आला नाही, आणि ह्याचंच मला सगळ्यात जास्त आश्चर्य वाटत होतं. तर होतं असं की आपण एकदा लॉगिन केलं की ब्राउझर एक कुकी जपून ठेवतो, जत्रेत आत सोडताना हातावर शिक्का मारतात ना तशी, म्हणून रोज पासवर्ड मागत नाही. अशा खोट्या सेटअपसोबत लपून आलेला चोर प्रोग्रॅम ती कुकी उचलून नेतो, सोबत ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्डपण. मग त्याला ना पासवर्ड लागतो ना ओटीपी. तेवढ्यात माझ्या नावाने मावशीला मेसेज गेला की अडचण आहे, लगेच पैसे पाठव, आणि तिने विश्वासाने पाठवलेसुद्धा. ते पैसे परत आले नाहीत. मला सगळ्यात जास्त राग ह्याचाच आहे.

कोणी म्हणेल पत्ता नीट बघायचा. बघाच, पण तेवढ्याने भागत नाही. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये कीपास नावाच्या पासवर्ड मॅनेजरची, म्हणजे पासवर्ड जपून ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरची, खोटी जाहिरात सापडली होती, तिच्या पत्त्यात के अक्षराखाली एक बारीकशी खूण होती, बाकी सगळं जसंच्या तसं, स्क्रीनवर धूळ आहे असंच वाटावं. त्याच वर्षी सुरुवातीला ओबीएस, व्हीएलसी, सेव्हन झिप ह्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या नावानेही अशाच जाहिराती चालू होत्या. आणि नुसत्या फालतू साईटवरच हे होतं असंही नाही, २००९ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या साईटवरसुद्धा व्हायरस सापडला म्हणून घाबरवणारी खोटी जाहिरात घुसली होती. पैसे भरले की जाहिरात वर येते, भरणारा कोण हे धड तपासलं जात नाही, असं माझं स्पष्ट मत झालंय.

डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयनेच लोकांना सांगितलं होतं की सर्च करताना ॲड ब्लॉकर, म्हणजे जाहिराती अडवणारं ब्राउझरमधलं एक्स्टेन्शन, वापरा. मी आता युब्लॉक ओरिजिन लावलंय, घरातल्या सगळ्यांना लावून दिलंय. सॉफ्टवेअर हवं असेल तर जाहिरातीवरून कधीच घेऊ नका, पत्ता माहीत असेल तर स्वतः टाइप करा नाहीतर सिस्टिमच्या स्टोअरमधून घ्या. झिपला पासवर्ड असेल किंवा इन्स्टॉल करताना अँटिव्हायरस बंद करा असं सांगत असतील तर तिथेच थांबा.

आणि कोणाचं आधीच झालं असेल तर पहिलं नेट तोडा. पासवर्ड त्याच मशीनवर बसून बदलू नका, नवा पासवर्डपण त्याच वाटेने जातो. दुसऱ्या स्वच्छ फोनवरून आधी ईमेलचा पासवर्ड बदला आणि सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट करा, हे लॉगआउट विसरू नका कारण नाहीतर चोरलेली कुकी चालूच राहू शकते. मग बँकेला कळवा. फोटो आणि कागदपत्रं काढून घ्या आणि मग मशीन फॉरमॅट करा, पण डाउनलोड केलेले सेटअप परत टाकू नका. ओळखीच्यांना मात्र फोन करून सांगा, मेसेज नको, त्या अकाउंटवरचे मेसेज तोपर्यंत चोरच वाचत असतो.