स्थानकालगतची जमीन: लिलाव की स्वतः बांधलेली घरे?

नवी मुंबईत स्थानकांभोवतीची बरीचशी जमीन शासनाने संपादित करून सिडको या आपल्या शहर विकास महामंडळाच्या हाती दिली असल्यामुळे तेथे दाट वस्ती कशी उभारावी, याचे दोन मार्ग प्रत्यक्ष उपलब्ध आहेत.

पहिला मार्ग भूखंडांच्या लिलावाचा. यातून पैसा लवकर हाती येतो आणि त्याचे महत्त्व कमी लेखता येणार नाही, कारण येथील उपनगरी रेल्वेच्या खर्चातील सुमारे 67 टक्के वाटा सिडकोने उचलला असून वाशीपर्यंत 1992 मध्ये आलेली लोकल त्याच व्यवस्थेचे फळ आहे. मात्र सर्वाधिक बोली लावणारा विकासक त्या बोलीचा भार घराच्या किमतीतच वसूल करतो. परिणामी स्थानकासमोर मोटार बाळगणारी कुटुंबे राहतात आणि लोकलवर अवलंबून असलेला कामगार दूर फेकला जातो.

दुसरा मार्ग म्हणजे सिडकोने स्वतः घरे बांधून ती सोडतीने देणे. खारकोपर आणि बामणडोंगरी स्थानकांलगत असे प्रकल्प उभे राहिले आहेत. येथे महसूल घटतो, शिवाय स्थानकापुढील मोकळी जागा, रिक्षाथांबे व बसथांबे गमावण्याची रहिवाशांची भीती मला रास्त वाटते. तरीही अल्प उत्पन्न गटाला स्थानकापासून पायी अंतरावर घर देण्याची हमी लिलावातून मिळत नाही, म्हणून माझा कौल दुसऱ्या मार्गाला आहे; लिलाव व्यापारी भूखंडांपुरता ठेवावा.