पुशरॉड लेंग्थ चेकर: आठ महिने वापरल्यावर

इंजिनाचा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा उंचवट्यांचा दांडा) ग्राइंड करून घेतला, पुशरॉड (कॅमचा धक्का वर रॉकरपर्यंत नेणाऱ्या काठ्या) मात्र जुनेच घातले. सरळ होते, टोकं झिजलेली नव्हती, मग नवा सेट कशाला? इंजिन सुरू झालं तशी टिकटिकही सुरू झाली, आणि गरम झाल्यावरही थांबेना. ग्राइंडिंगमध्ये कॅमचं बेस सर्कल (उंचवटा सोडून उरलेला गोल भाग) लहान होतं, लिफ्टर (कॅमवर टेकून पुशरॉड उचलणारा तुकडा) तेवढा खाली बसतो. माझे रॉकर (पुशरॉडच्या धक्क्याने व्हॉल्व्ह दाबणाऱ्या तरफा) अ‍ॅडजस्ट न होणारे, म्हणजे ती तूट रॉडच्या लांबीनेच भरायची. म्हणून हा चेकर, म्हणजे फिरवून लांबी कमी-जास्त करता येणारा मापाचा पुशरॉड, घेतला.

आधी तक्रार. याला लॉकनट (लांबी जागीच घट्ट धरणारा नट) नाही! एका फेऱ्याला लांबी 0.050 इंच बदलते. बाहेर काढताना पाव फेरा फिरला तरी 0.0125 इंच गेले. लिफ्टरला मी प्रीलोड (आतला प्लंजर आधीच थोडा दाबून ठेवणं) देणार 0.040, त्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा असा हातातच हरवतो. पहिल्या दिवशी एकच व्हॉल्व्ह चारदा मोजला, चारही आकडे वेगळे. एवढ्याशा नटात बनवणाऱ्याने काय वाचवलं, कळत नाही. आता सांध्यावर मार्करने उभी रेघ ओढतो. बाहेर आल्यावर रेघ जुळली नाही तर माप रद्द.

मोजणं तसं सोपं आहे. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडायला लागला की त्याच सिलिंडरचा इनटेक मोजायचा. रॉकर पूर्ण कसायचा आणि चेकर चिमटीत धरून वर-खाली हलवत थोडा थोडा लांबवायचा. वर-खालीची टकटक थांबते, पण रॉड बोटांत अजून सहज फिरतो, तो शून्य. त्यापुढे जोर केला की लिफ्टरचा प्लंजर दबतो आणि माप फुगतं.

चेकरची बंद लांबी 7.100, उघडला सव्वासहा फेरे, म्हणजे 7.412. त्यात 0.040 मिळवून 7.450 चे रॉड मागवले. फेरे मोजता येतात हे बरं, कारण 6 इंची व्हर्निअरमध्ये हा मावतच नाही.

रॉड आले आणि माझा चेकरवरचा विश्वास उडाला. मोठा व्हर्निअर मागून आणला, तर नवे रॉड 7.434 भरले. दोन दिवस चेकरलाच दोष देत होतो. चूक माझी होती. रॉडच्या दोन्ही गोळ्यासारख्या टोकांना तेलाचं भोक असतं, तिथे गोळ्याचा माथा कापलेला असतो आणि व्हर्निअर भोकाच्या कडेवर टेकतो. विकणारे लांबी सांगतात ती माथा पूर्ण आहे असं धरून. चेकरच्या टोकांना भोक नाही, त्यामुळे त्याचा आकडा थेट मागणीत लिहिता येतो. जुना रॉड व्हर्निअरने मोजून मागवला असता तर पुन्हा आखूडच आला असता.

दुसरं इंजिन स्टडवरच्या (उभ्या बोल्टवर नटाने बसवलेल्या) रोलर रॉकरचं. तिथे ढिल नटाने निघते, म्हणून लांबी कशीही चालेल असं वाटतं. चालत नाही. व्हॉल्व्हला नेहमीच्या जागी मोजण्यापुरती हलकी चेकिंग स्प्रिंग घातली, व्हॉल्व्हच्या टोकाला शाई लावली, क्रँक दोन फेरे फिरवला. रॉकर घासून शाईत उमटलेला पट्टा चांगलाच रुंद होता. लांबी 0.050 ने वाढवल्यावर निम्मा झाला. बरेच जण पट्टा मध्यावर आणायच्या मागे लागतात; मी आधी तो अरुंद करतो, कारण रुंद पट्टा म्हणजे व्हॉल्व्ह गाइडला (व्हॉल्व्ह ज्या नळीत सरकतो तिला) बाजूने रेटा.

पहिल्या इंजिनाची टिकटिक गेली ती गेलीच. चेकर ठेवणार आहे. पण लॉकनटवाला मिळाला तर हा त्याच दिवशी बाजूला ठेवेन. परवाच तेलकट हाताने रेघ पुसली गेली आणि एक एक्झॉस्ट पुन्हा मोजावा लागला.