मांजरीचं दार: आठ महिने आणि एक पावसाळा काढल्यावर

फेब्रुवारीत मागल्या दाराला मांजरीसाठी झडपेचं छोटं दार बसवून घेतलं. आई अजून म्हणते, "चांगल्या दाराला भोक पाडलंस." घर चिपळूणजवळ, मागे पडवी, आणि आमची सोनी दिवसातून वीस वेळा आत-बाहेर करणारी.

दार फ्लशचं, 30 मिलिमीटर जाडीचं. झडपेबरोबर कागदी साचा आला होता. तो चिकटवून सुताराने चार कोपऱ्यांना भोकं पाडली आणि जिगसॉने कापलं. तासाभराचं काम. सोबतचे बोल्ट जाड दारासाठीचे असावेत, पलीकडे बोटभर बाहेर आले. ते कापावे लागले.

चूक माझी झाली ती उंचीत. झडपेची खालची कड मांजरीच्या पोटाच्या उंचीला यावी म्हणतात, म्हणून आतून मोजून 13 सेंटिमीटर ठेवली. पण पडवी घरापेक्षा एक पायरी खाली आहे, हे लक्षातच आलं नाही. आतून जायला सोपं, बाहेरून यायला उडी. शेवटी बाहेर एक चिरा टाकला, त्यावर चढून बाई आत येतात. मोजताना दोन्हीकडून मोजा.

सवय लागायला दहा दिवस लागले. पहिले चार दिवस झडप चिकटपट्टीने वर बांधून ठेवली आणि पलीकडून सुकट दाखवली. खाली सोडल्यावर मात्र चुंबकाचा टक्क आवाज ऐकून ती दोन दिवस तिकडे फिरकलीच नाही.

खरी परीक्षा पावसाळ्यात झाली. कापलेली कड कच्चीच राहिली होती, वर प्लास्टिकची चौकट बसली की ती दिसत नाही. जुलैत पडवीत झड येऊन त्या कडेने पाणी प्यायलं, खालचा भाग फुगला आणि अख्खं दार चौकटीत घासायला लागलं. झडप उतरवली, दार वाळवलं, रंधा मारला, कडेला प्रायमर आणि ऑइलपेंटचे दोन हात दिले, चौकटीभोवती सिलिकॉन भरलं. झडपेपेक्षा या दुरुस्तीलाच जास्त पैसे गेले. हे पहिल्याच दिवशी करायचं काम होतं, सुतारही बोलला नाही आणि मलाही सुचलं नाही.

कुलूप चार प्रकारचं आहे: दोन्हीकडे उघडं, फक्त आत, फक्त बाहेर, पूर्ण बंद. 'फक्त आत' ही सोय कागदावर छान वाटते, मांजर रात्री घरी आली की परत जात नाही. पण आमच्या झडपेला मांजर ओळखता येत नाही. एका रात्री गल्लीतला बोका आत आला आणि अडकला. दोन वाजता फडताळावरून बरणी पडल्यावर कळलं. कातडीखालची चिप वाचून उघडणारी दारं मिळतात, पण ती महाग, वर बॅटरीवर चालणारी, आणि सोनीला चिप नाही.

सोनी पावसात एकदा तोंडात जिवंत बेडूक घेऊन आली. बेडकामागे काय येतं ते कोकणात सांगायला नको. तेव्हापासून दिवे लागले की झडप पूर्ण बंद. खालच्या खाचेत केस आणि चिखल साठला की ती नीट मिटत नाही, जुन्या टूथब्रशने आठवड्याला साफ करते.

दिवसा मात्र दार उघडायला उठावं लागत नाही, हे सुख आहेच. पहाटे पाचला सोनी बंद झडपेवर पंजा आपटत बसते. मग आईच उठते, आणि तिच्यासाठी अख्खं दार उघडते.